लोखंड न लावता सोडवलेली जट

सांगलीच्या स्टँडवरून सकाळी सातच्या रत्नागिरी गाडीत बसले तेव्हा माझ्या मांडीवरची पिशवी कुणी उघडून पाहिली असती, तर मला तिथेच खाली उतरवलं असतं. आत एका ऋषीच्या जटा होत्या, कंगवे होते, क्रोशाच्या सुया होत्या, आणि माणसाच्या खऱ्या केसांची एक वेणी होती, जी कुणाची हे मलाही आता आठवत नाही. मी नाटकांसाठी टोप करते. तीस वर्षांत किती टकलांना राजे केलं आणि किती कारकुनांना तपस्वी, त्याला गणती नाही. हल्ली नाटकं कमी झाली आणि कॉलेजची मुलं वाढली. त्यांना ड्रेडलॉक्स (म्हणजे जटाच, पण हौसेने करून घेतलेल्या) हवे असतात. तेही मी करते. करते आणि कंटाळा आला की सोडवूनही देते.

निघताना आमचे हे पेपरामागून म्हणाले होते, "कुणाच्या देवाला डिवचू नकोस."

"मी केसांना डिवचते," मी म्हटलं. "देव मध्ये आला तर त्याला वेगळी वेळ देते."

असं बोलून मी टाळ्या घेत बाहेर पडले खरी, पण गाडी आंबा घाटात शिरली आणि मी मांडीवरच्या पिशवीचे बंद पुन्हा आवळले. कारण काम टोपाचं नव्हतं. काम माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या, वासंतीच्या डोक्यावरचं होतं. तिच्या केसांत नऊ वर्षांपूर्वी जट झाली. घरच्यांनी ती देवीची मानली. आता वासंतीचा उजवा हात बधिर होऊ लागला होता. ती शिक्षिका, फळ्यावर लिहिताना खडू हातातून कधी गळला ते तिला कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, औषधं नंतर बघू, आधी मानेवरचं ते वजन उतरवा. तिची मुलगी केतकी हिने मला फोन केला होता. "मावशी, आई तयार आहे. बाबा तयार नाहीत. तू ये."

मी आजवर कुणाचा टोप काढला म्हणून कुणी मेलेलं नाही. पण जट कापली की घरातलं माणूस जातं, ही समजूत मी लहानपणापासून ऐकत आलेय. मी तिच्यावर हसते, मोठ्याने हसते. घाटातल्या प्रत्येक वळणावर मी थोडी थोडी कमी हसत होते.

साखरप्याला चहा घेतला. तिथून पुढे मातीचा रंग बदलतो, घरांचे दगड लाल होतात आणि हवा अंगाला चिकटू लागते. माझे केस कुरळे. देशावर ते माझं ऐकतात. हातखंबा येईपर्यंत त्यांनी माझ्या डोक्यावर स्वतःचं वेगळं राज्य सुरू केलं होतं.

रत्नागिरी स्टँडवर केतकी स्कूटर घेऊन उभी होती. तिला पाहून मी पिशवीच खाली ठेवली. गुहागरला समुद्राकाठी एका घरगुती लॉजवर नोकरी करणारी ही पंचवीस वर्षांची मुलगी. तिच्या डोक्यावर वीस-बावीस जटा, वर रंगीत फडक्यात बांधलेल्या, आणि त्यावर हेल्मेट नुसतं ठेवलेलं, नाटकातल्या सेनापतीच्या शिरस्त्राणासारखं.

"कुणी केले गो हे?" मी गालाचा मुका घ्यायच्या आधी तिच्या केसांचं मूळ चाचपलं.

"गोव्यात. दोन वर्षं झाली. मुळाशी सैल पडतात सारखे."

"पडणारच. तुझे केस सरळ, रेशमासारखे. असल्या केसांत जट बसवायची तर उलटा कंगवा मारून मारून हात तुटतो, आणि तरी ती पळून जायची वाट शोधते. कुरळ्या केसांचं उलट. त्यांना नुसतं सोडून दिलं तरी एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि मग सुटायला छळतात."

"आणि आईचे?"

वासंतीचे केस मला आठवत होते. जाड, लाटांचे, कमरेपर्यंत. शाळेत मी तिच्या वेण्या घालायचे, म्हणजे माझा धंदा तिच्याच डोक्यावर सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. "तिचे मधले," मी म्हटलं. "मधल्यांचं काही सांगता येत नाही."

भाट्याच्या पुलावर वारा असा आला की हेल्मेट उडून माझ्या मांडीत पडलं. डावीकडे खाडी, उजवीकडे एकदम समुद्र. मी ओरडून म्हटलं, "काय सुंदर आहे!" केतकी ओरडून म्हणाली, "मावशी, बाबा नाही म्हणाले तर?" दोघींचंही एकमेकींना नीट ऐकू गेलं नाही, असं आम्ही ठरवलं.

घर उतारावर, सिमेंटचं, पायऱ्या जांभ्याच्या (तिकडच्या लाल, भोकाभोकाच्या दगडाच्या). मागे कलमांची बाग. मोहोर नुकता फुटत होता. वासंती दारात आली. मानेपासून निघालेली मनगटाएवढी जाड एकच जट तिने पुढे घेऊन सुती फडक्यात गुंडाळली होती आणि ते गाठोडं डाव्या हातावर तोललं होतं, तान्हं मूल घेतल्यासारखं. ती म्हणाली, "बघतेस काय शैले? ये आत. हिला बघायला येणारी माणसं आधी हिच्याच पाया पडतात. तू निदान मला मिठी मार."

जेवायला बांगड्याचं सार आणि भात होता. वाढताना तिच्या हातातून पळी दोनदा सुटली. दोन्ही वेळा तिच्या नवऱ्याने, शरदभावोजींनी, उचलून दिली. उंच, किरकोळ, मऊ बोलणारा माणूस. बागेतल्या प्रत्येक कलमाची जन्मकथा सांगणारा.

"जेवा शैलाताई," ते म्हणाले. "मला नाय म्हणायचं आहे. पण ते जेवणानंतर म्हणतो. आधी म्हटलं तर सार बेचव लागेल."

जेवणानंतर त्यांनी ते ओटीवर बसून, सुपारी कातरत, अतिशय आदबीने म्हटलं.

"नऊ वर्षांमागे मला मुंबईला इस्पितळात नेलेलं. दीड महिना पडून होतो, शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी हिला सांगितलेलं, गावी कळवून ठेवा. ही खुर्चीवर बसून राहिली. अंघोळीला उठायची नाही, केस विंचरायची नाही. एक दिवस कंगवा घातला तर जाईना. जट धरली होती. आणि त्याच आठवड्यात मी डोळे उघडले. आता तुम्ही सांगा, कुणी उठवलं मला?"

"डॉक्टरांनी," केतकी म्हणाली.

"त्यांनी तर गावी कळवायला सांगितलं होतं." भावोजींनी अडकित्ता खाली ठेवला. "मी अडाणी नाय, शैलाताई. केस विंचरले नाहीत की गुंता होतो, हे मला कळतं. पण ते इथं कळतं." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "इथं नाय पोचत." आणि हात छातीवर ठेवला. "हिचा हात बघवत नाय मला. पण ती उतरली की माझा नंबर, असंच वाटतं. मरणाला भितो मी. एकदा जवळून बघितलंय ना."

इतकं सरळ बोलणाऱ्या माणसापुढे काय बोलायचं असतं? शहाण्या बाईने गप्प बसायचं असतं. मी उठले, पिशवी उघडली आणि ओटीच्या मधोमध पाट घेऊन बसले. प्रेक्षक समोर असले की माझं मलाच थांबवता येत नाही.

"भावोजी, बघा हं. देवी किती वेळात येते ते."

माझ्या डाव्या कानावरची अंगठ्याएवढी बट वेगळी केली. मुळाकडे उलटा कंगवा मारला, सहा-सात वेळा. गोळा झाला की तळव्यांत वळला. मग क्रोशाची सुई आरपार घालून एकेक सुटा केस आत ओढला. माझ्या कुरळ्या केसांना असल्या कामाची उपजत आवड आहे. वीस मिनिटांत बोटभर जाडीची, घट्ट, देखणी जट माझ्या खांद्यावर लोंबू लागली. केतकीने टाळ्या वाजवल्या. वासंती हसली, दारात दिसल्यापासून पहिल्यांदाच.

भावोजींनी चष्मा लावून जट पाहिली, ओढून पाहिली, टोक तपासलं.

"झकास झाली," ते म्हणाले. "पण ही तुम्ही आणलीत. हिची आली."

तीस वर्षांत माझ्या प्रयोगावर इतकी नेमकी टीका कुणी केली नव्हती.

"शिवाय कौल आहे," ते पुढे म्हणाले. "माझ्या आईने तेव्हा लगेच घेतला होता. देवीने नाय सांगितलं."

कौल म्हणजे काय, ते माझ्या घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं. ग्रामदेवतेच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं तिला विचारून होतं. मी विचारलं, "आईंनी नेमकं विचारलं काय होतं?" ते भावोजींना सांगता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं देवळात गेलो, गुरवांकडे (तेच पुजारी, तेच देवीशी बोलणार). सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी माझ्या कानावरच्या जटेकडे पाहिलं, मग केतकीच्या बावीस जटांकडे, मग वासंतीच्या गाठोड्याकडे, आणि म्हणाले, "आज सगळा मेळाच आणलात की."

मी प्रश्न विचारला. ते डोळे मिटून, शाळेत पाढा म्हणावा तसं बोलले, "कौलाचा शब्द गुरव विसरत नाय, बाई. 'हिच्या जटेला लोखंड लावू काय?' असं विचारलेलं. देवीनं डावा दिला."

"आणि हाताने सोडवू काय, असं?"

"असं कुणी विचारलंच नाय. विचारलं तेवढंच ती सांगते."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी देवीकडे पाहिलं. वासंतीने कुणाकडेच पाहिलं नाही. ती आपला उजवा हात डाव्याने चोळत होती.

"मग विचारा," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की त्यांना ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

गुरवांनी कळ्या भिजवल्या, चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बाय माझे आई, ही तुझी लेक वासंतीबाय. हिच्या डोक्यावर तू नऊ वरसं राहिलीस. आता लेकीचा हात जाग्यावर नाय. लोखंड न लावता, हातानं सोडवून तुला मोकळी करू म्हणतात. घरधन्याला काय होऊ नये. मान्य असेल तर उजवा दे."

मग सगळं थांबलं. मी पडदे अडकताना पाहिलेत, नट प्रवेश विसरताना पाहिलेत, पण इतकी लांब शांतता रंगमंचावर कधी सोसली नाही. बाहेर कुणी घंटा वाजवली आणि आम्ही चौघंही दचकलो. डावी कळी हलल्यासारखी वाटली. भावोजींचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, डावी पडली तर हा माणूस इथेच कोसळेल, आणि उजवी पडली तर घरी जाऊन.

उजवी पडली.

एक गोष्ट मी तिथे कुणाला सांगितली नाही. टोप चिकटवण्यात माझं आयुष्य गेलंय; कुठे किती ओल हवी ते मला लांबून कळतं. आधी सुटावी म्हणूनच उजव्या कळीला पाणी कमी होतं. गुरवांची तिन्ही नातवंडं वासंतीच्या हाताखाली शिकलीत, हे मला नंतर कळलं. निघताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. एका व्यवसायातल्या माणसांनी एकमेकांना जसं ओळखावं, तसं आम्ही ओळखलं.

पण कौलाचा शब्द म्हणजे शब्द. लोखंड लावायचं नाही, म्हणजे माझ्या सुया बाद, टोकदार दांड्याचा कंगवा बाद, चिमटेसुद्धा बाद. उरले दोन लाकडी कंगवे आणि दहा बोटं. जट सोडवायची तर गाठीच्या पोटात शिरेल असं काहीतरी बारीक टोकाचं लागतंच. केतकीने झावळीचे हीर (नारळाच्या पातीची मधली काडी) तासून दिले. ते पटापट मोडले. संध्याकाळपर्यंत आम्ही फक्त टोक भिजवून, खोबरेल चोळून, एकमेकींची तोंडं पाहिली.

आणि मग दुसऱ्या सकाळी भावोजी मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीबरोबर एक लाकडी सुई घेऊन आले. जाळी दुरुस्त करायची, हाताच्या पंजाएवढी, वापरून काचेसारखी गुळगुळीत झालेली.

"तिथे एक म्हातारे चाचा बसतात, जाळी सांधत," ते म्हणाले. "त्यांना विचारलं, गुंता सोडवायचा कसा. म्हणाले, भिजव, घाई करू नकोस, टोकापासून धर. आणि ओढू नकोस, गाठीला ओढलं की ती रागावते."

सांगलीत मी पोरांना हेच शिकवते, फी घेऊन.

तीन दिवस लागले. वासंती पाटावर, मी मागे, केतकी शेजारी कोमट पाण्याचं भांडं आणि खोबरेल घेऊन. एका हाताने मुळाशी घट्ट धरायचं, म्हणजे ओढ टाळूला बसत नाही. दुसऱ्याने सुईचं टोक घालून चार-चार केस मोकळे करायचे. नऊ वर्षांत जे केस गळले ते बाहेर पडूच शकले नव्हते. ते सगळे आतच होते. ते काढून ठेवता ठेवता पाटाजवळ मांजराएवढा ढीग झाला.

आणि एक गंमत, जिची मला तीस वर्षांत कल्पना आली नव्हती. आम्ही टोकाकडून मुळाकडे येत होतो. टोकाचे केस आधी मोकळे झाले, आणि ते काळे निघाले. नऊ वर्षांपूर्वीच्या वासंतीचे. जसजसं वर सरकावं तसतसे पांढरे दिसू लागले. आधी एखादा, मग बटा. मी इतके घाट ओलांडून रत्नागिरीला आले, पण खरा प्रवास या तीन वितींत होत होता, रोज वीतभर.

दुसऱ्या दिवशी, केतकी पाणी तापवायला आत गेली तेव्हा, वासंती पाठमोरी राहूनच म्हणाली, "शैले, ती जातेय याचं मला काही नाही गो. पण ह्यांना उद्या साधा ताप आला तरी लोक म्हणतील, हिने मानेपायी नवरा घालवला. आणि लोक जाऊ देत. मीच म्हणेन."

माझ्या हातातली सुई थांबली. मीसुद्धा म्हटलंच असतं ना, रोज झोपताना?

त्या दुपारी सुईच्या टोकाला काहीतरी कडक लागलं. हळूच सोडवलं. पिवळ्या रबराचा तुकडा होता, वाळून चिरलेला. गोळ्यांच्या पाकिटांना लावतात तसला. त्याच्या खालून-वरून केस इतके आवळले होते की जट तिथूनच सुरू झाली असणार.

"इस्पितळात," वासंती सावकाश म्हणाली. "रिबीन हरवली होती. ह्यांच्या औषधांच्या पुडक्याचा रबर काढून मी केस बांधले होते. तो मग काढलाच नाही."

भावोजी दारात उभे होते. त्यांनी तळहात पुढे केला. मी तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. तो खिशात टाकून ते बागेत निघून गेले.

तिसऱ्या दिवशी ते सकाळीच बाहेर पडले. "मासळी आणतो," म्हणाले. मुळाजवळच्या गाठी सगळ्यात चिवट होत्या. वासंतीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण थांब म्हणायला ती तयार नव्हती. दुपारी बाराच्या सुमाराला शेवटची गाठ सुटली. मी लाकडी कंगवा कपाळापासून टोकापर्यंत नेला, न अडकता. विरळ झाले होते, टाळू लाल झाली होती, पण केस होते, कमरेच्या खाली गेलेले, वर पांढरे आणि खाली काळे.

आम्ही तिघी रडलो की हसलो, ते ठरवता येण्याआधीच वासंती म्हणाली, "हे कुठे आहेत?"

मासळी आणायला चार तास लागत नाहीत. केतकीने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. मी हसत म्हटलं, "लिलावात आरडाओरडा असतो, ऐकू गेलं नसेल." माझं हसू मलाच पटलं नाही. मी कशाला आले होते? कुणाच्या देवाला डिवचू नकोस म्हणालं होतं घरातलं माणूस. उजव्या कळीला पाणी कमी होतं हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले होते. म्हणजे देवी खरंच 'नाही' म्हणणार होती का? पाहा, तीस वर्षं जटा वळणारी बाई काय काय विचार करत होती!

रिक्षा मिळाली. पुलावर वासंतीचे ओले केस वाऱ्याने सगळे माझ्या तोंडावर येत होते आणि ती एकच वाक्य म्हणत होती, "मी कशाला ऐकलं, मी कशाला ऐकलं." माझ्या हातात कंगवा तसाच होता. तो कुठे ठेवायचा तेही सुचत नव्हतं.

मिरकरवाड्यात ट्रॉलर लागले होते, बर्फ फुटत होता, बोली ओरडल्या जात होत्या. आम्ही तिघी टोपल्यांमधून, पाण्यातून, माशांच्या खवल्यांवरून घसरत धावत होतो. एक कोळीण ओरडली, "अगो बाय, जरा बघून! काय आग लागलीय?" मी म्हटलं, "उंच माणूस बघितलात का, चष्मावाला, आंबेवाला?" तिने माझा कंगवा धरलेला हात पकडून वळवला आणि त्या कंगव्यानेच दिशा दाखवली.

निळ्या जाळ्यांच्या ढिगाजवळ एक पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते, आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून, जाळ्याचा गुंता सोडवत, शरदभावोजी.

"ही तुमची माणसं का?" चाचांनी आमच्याकडे पाहून विचारलं. "सकाळपासून बसलाय. मी म्हटलं, बाबा, काय हरवलं काय? तर म्हणतो, अजून कळलं नाय."

भावोजी उठले. त्यांनी वासंतीकडे पाहिलं. तिचे केस पाठभर सुटे, वाऱ्यावर.

"ओले आहेत," ते म्हणाले. "थंडी भरेल."

"फोन का उचलत नाही तुम्ही?" वासंती ओरडली. अख्खं बंदर ऐकत होतं. "मेले ना मी इथे येईपर्यंत!"

"फोन गाडीच्या डिकीत राहिला." मग खाली पाहत म्हणाले, "म्हटलं, काय व्हायचं असेल तर घरात नको व्हायला. तुझ्यासमोर नको. तुला वाटलं असतं, तुझ्यामुळे."

वासंतीने त्यांना मारायला हात उचलला. उजवा. तो त्यांच्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला.

"झालं काय काही?" चाचांनी विचारलं.

भावोजींनी स्वतःची छाती चाचपली, खिशातला रबराचा तुकडा बाहेर काढला, पाहिला, परत ठेवला. "नाय," ते म्हणाले. "भूक लागलीय."

केसांचा तो ढीग त्यांनी संध्याकाळी एका नव्या कलमाच्या बुंध्याशी पुरला. लाकडी सुई परत करायला निघाले तेव्हा चाचांसाठी डबा भरून नेला. मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी वासंतीने माझ्यासाठी घावणे (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) केले. एकदाही उलथणं हातातून सुटलं नाही. "लगेच फरक पडत नसतो," ती म्हणाली. "उगीच श्रेय घेऊ नकोस." मी अर्थातच घेतलं.

आता राहिली माझी जट. चार दिवस कुणाला तिची आठवण नव्हती. खाडीची दमट हवा, खारा वारा, वर माझे गळेपडू कुरळे केस. ती आवळून आवळून करंगळीएवढी झाली होती. केतकीने तासभर खटपट केली आणि माझी क्रोशाची सुई खाली ठेवली. "मावशी, कुरळ्या केसांत पटकन होते आणि सुटायला छळते, हे तूच सांगितलंस ना?"

"मी ते गिऱ्हाइकांना सांगते," मी म्हटलं. "स्वतःला सांगायचं राहून गेलं."

परतीच्या गाडीत साखरप्याला एक म्हातारी चढली. तिने माझ्या कानावर पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि माझ्या पायाला हात लावला. "आई, माझ्या लेकाचं लग्न जमत नाय गो." दुसऱ्या एखाद्या दिवशी मी त्या संधीचं सोनं केलं असतं. डोळे फिरवले असते, आवाज बदलला असता. पण मला बंदराकडे धावणारी ती रिक्षा आठवली. मी म्हातारीला खिडकी दिली आणि म्हटलं, "जमेल, बाई. मी टोप करते, बाकी मला काही कळत नाही." तिचा विश्वास बसला नाही. मलकापूरपर्यंत ती हात जोडूनच बसली होती.

घरी पोहोचले तेव्हा आमचे हे त्याच खुर्चीत, त्याच पेपरामागे होते. मी आरशापुढे गेले. कात्री घेतली. एक 'कच्' म्हणजे काम झालं असतं. हात वर गेला आणि तिथेच राहिला.

मी कात्री ठेवली आणि पुण्याला मुलाला फोन केला. ऑफिसात होता, ठणठणीत होता, चिडला होता. मग रत्नागिरीला लावला.

"भावोजी, माझी अजून डोक्यावर आहे. काय करू?"

पलीकडे ते पोटभर हसले. तो माणूस इतक्या मोठ्याने हसू शकतो हे मला माहीत नव्हतं. "कापा की शैलाताई! तुम्ही आणलेली, तुम्हीच न्या. तिला कौल कशाला?"

मी कापली. करंगळीएवढी जट बेसिनमध्ये पडली. आणि मी आरशात स्वतःकडे न पाहता बाहेर डोकावून पाहिलं. पेपर तसाच उभा धरलेला होता. मागून आवाज नाही, हालचाल नाही. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

मग त्यांनी पान उलटलं, आणि मी श्वास घेतला.